पैशाचे वय

थायलंडमध्ये निवृत्तीनंतर वास्तव्य करू इच्छिणाऱ्या परदेशी नागरिकाला तेथील इमिग्रेशन खात्यासमोर दोन वये सिद्ध करावी लागतात. त्यांपैकी एक त्याचे स्वतःचे. ते पन्नास वर्षांहून कमी असता कामा नये, आणि जन्मतारीख पासपोर्टातच छापलेली असल्याने त्याविषयी वाद उद्भवत नाही. दुसरे वय त्याच्या पैशाचे. आठ लाख बाटांची रक्कम थाई बँकेतील खात्यात असणे एवढ्यावर भागत नाही. अर्जाच्या दिवशी ती तेथे किमान दोन महिने मुरलेली असावी लागते, मंजुरीनंतर आणखी तीन महिने तिला हात लावता येत नाही, आणि त्यानंतरही ती निम्म्याच्या खाली उतरलेली चालत नाही. नियमाच्या मजकुरात 'वय' हा शब्द कोठेही नाही. तथापि ज्यांनी ही परवानगी चार-सहा वेळा मिळवली आहे त्यांच्या बोलण्यात रकमेपेक्षा तारखेचा उल्लेख कितीतरी अधिक वेळा येतो, कारण आठ लाख किती हे एकदा कळले की कळले, परंतु ते केव्हा आले, कोठून आले, कोणाच्या नावावर आले आणि किती दिवस राहिले हे दर वर्षी नव्याने दाखवावे लागते.

येथे प्रथम एक भेद लक्षात घेतला पाहिजे. बोलीभाषेत सर्रास 'रिटायरमेंट व्हिसा' म्हटले जात असले, तरी काटेकोरपणे पाहता व्हिसा म्हणजे देशात प्रवेश करण्याची अनुज्ञा, आणि ती परदेशातील थाई दूतावास किंवा वाणिज्य दूतावास देतो; प्रवेश झाल्यानंतर किती काळ राहता येईल हे ठरवणारी वास्तव्याची मुदतवाढ ही निराळी गोष्ट असून ती १९७९ च्या इमिग्रेशन कायद्याखाली देशातील इमिग्रेशन कार्यालय देते. बहुसंख्य निवृत्त मंडळी 'नॉन-इमिग्रंट ओ' या वर्गाचा नव्वद दिवसांचा व्हिसा घेऊन येतात आणि त्याच्या अखेरच्या महिन्यात निवृत्तीच्या कारणावरून एक वर्षाची मुदतवाढ मागतात. ती मिळाली की पुढे दर वर्षी तीच वाढवून घ्यायची. मूळ व्हिसा केव्हाच संपलेला असतो आणि माणूस वर्षानुवर्षे मुदतवाढीवर राहत असतो. दुसरा मार्ग 'ओ-ए' वर्गाचा. तो मायदेशातूनच घ्यावा लागतो, त्यासाठी पोलिसांचा दाखला, वैद्यकीय प्रमाणपत्र आणि आरोग्यविमा लागतो, परंतु पहिल्या वर्षी पैसे मायदेशातील बँकेत असले तरी चालतात. 'ओ-एक्स' नावाचा दीर्घ मुदतीचा तिसरा वर्ग तीस लाख बाटांची अट घालतो आणि ठरावीक चौदा देशांच्या नागरिकांपुरताच आहे. त्या यादीत भारत नाही.

मुदतवाढीसाठी आर्थिक पात्रता सिद्ध करण्याच्या तीन रीती आहेत. पहिली ठेवीची, म्हणजे वर सांगितलेले आठ लाख बाट. दुसरी मासिक उत्पन्नाची, ज्यात दरमहा किमान पासष्ट हजार बाट निवृत्तिवेतन किंवा तत्सम उत्पन्न असल्याचे दाखवावे लागते. तिसरी मिश्र रीत, ज्यात वर्षभराचे उत्पन्न आणि बँकेतील शिल्लक यांची बेरीज आठ लाखांपर्यंत पोहोचली पाहिजे. कागदावर या तिन्ही सारख्या तोलाच्या दिसतात. प्रत्यक्षात ठेवीचा मार्ग सर्वांत सरळ ठरतो, कारण त्यात एकच खाते, एकच रक्कम आणि एकच प्रश्न असतो. ज्यांनी थाई व्यक्तीशी विवाह केला आहे त्यांच्यासाठी ठेवीची रक्कम निम्मी, म्हणजे चार लाख, इतकीच आहे आणि उत्पन्नाची अट दरमहा चाळीस हजारांची आहे, यावरून निवृत्तांकडे राज्यसंस्था कोणत्या नजरेने पाहते हेही उमगते. कुटुंबाने जोडलेला माणूस येथलाच होऊ शकतो, असा हिशेब त्यामागे असावा. निवृत्ताकडे मात्र त्याच्या पैशाखेरीज दुसरा धागा नाही.

रकमांचे आकडे जुने आहेत, आणि नियमातील एक कलम त्यांच्या इतिहासाची साक्ष देते. २१ ऑक्टोबर १९९८ पूर्वी देशात आलेल्या आणि तेव्हापासून खंड न पडता निवृत्तीच्या कारणावर राहत असलेल्या परदेशी नागरिकाला, त्याचे वय साठ पूर्ण असल्यास, केवळ दोन लाख बाटांची ठेव किंवा दरमहा वीस हजारांचे उत्पन्न पुरते. पंचावन्न ते साठ या वयोगटासाठी हे आकडे पाच लाख आणि पन्नास हजार असे आहेत. अशी माणसे आता फार थोडी उरली असणार. आकडे बाटांत स्थिर राहिले, तरी ज्या चलनात माणसाचे निवृत्तिवेतन येते त्या चलनात ते स्थिर राहत नाहीत, आणि ही गोष्ट अनेकांच्या आयुष्याचा तोल बिघडवून गेली. २००७ च्या सुमारास एका ब्रिटिश पौंडाला जवळपास सत्तर बाट मिळत, तेव्हा पासष्ट हजारांची अट साडेनऊशेच्या आत-बाहेर पौंडांनी भागे. २०१९ च्या उत्तरार्धात पौंड अडतिसाच्या आसपास उतरला तेव्हा त्याच अटीसाठी सतराशेहून अधिक पौंड लागू लागले. त्यात भर अशी की, थायलंडमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश नागरिकाच्या सरकारी निवृत्तिवेतनात वार्षिक वाढ होत नाही. देश सोडताना जो आकडा असेल तोच कायम राहतो. नियमाचा एकही शब्द न बदलता माणूस नियमाबाहेर ढकलला जाऊ शकतो, याचे इतके उघड उदाहरण क्वचितच सापडेल.

२०१८ च्या अखेरीस या व्यवस्थेला एक मोठा धक्का बसला. तोपर्यंत मासिक उत्पन्नाच्या रीतीने अर्ज करणारा मनुष्य आपल्या देशाच्या बँकॉकमधील दूतावासात जाई, तेथे उत्पन्नाविषयी निवेदन करी आणि दूतावास त्यावर पत्र देई. हे पत्र म्हणजे दूतावासाने उत्पन्नाची खातरजमा केल्याचा पुरावा असले पाहिजे, अशी अपेक्षा थाई अधिकाऱ्यांनी व्यक्त केली. प्रत्येक नागरिकाच्या उत्पन्नाची पडताळणी करणे दूतावासांना शक्य नव्हते, म्हणून ब्रिटन, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दूतावासांनी अशी पत्रे देणेच थांबवले. परिणामी त्या देशांच्या नागरिकांना दरमहा परदेशातून थाई खात्यात प्रत्यक्ष पासष्ट हजार बाट येत असल्याचे बारा महिन्यांच्या नोंदींवरून दाखवावे लागू लागले. जे काम एका कागदाने होत असे त्याला वर्ष लागू लागले.

याच सुमारास मुदतवाढीच्या नियमांविषयी ३५/२५६२ या क्रमांकाचा आदेश निघाला आणि १ मार्च २०१९ पासून तो लागू झाला. थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो आणि तो इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असतो, म्हणून २५६२ म्हणजे २०१९. शालिवाहन शकाचा मेळ घालताना इसवी सनातून ७८ वजा करण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला येथे उलट दिशेने चालावे लागते. या आदेशाआधी रक्कम अर्जापूर्वी ठरावीक काळ खात्यात असणे एवढीच अपेक्षा होती, आणि पासपोर्टावर शिक्का उमटला की दुसऱ्या दिवशी ती काढून घेण्यास मनाई नव्हती. त्यामुळे एकाकडून उसनी घेऊन दुसऱ्याला परत करण्याचा मार्ग सताड उघडा होता. नव्या आदेशाने तो बंद केला. आता वर्षाचा हिशेब असा बसतो: अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने, असे पाच महिने पूर्ण आठ लाख, उरलेले सात महिने किमान चार लाख, आणि पुढील अर्जाच्या दोन महिने आधी पुन्हा आठ लाख. म्हणजे चार लाख बाट या देशात राहीपर्यंत कायमचे गोठलेले, आणि दुसरे चार लाख भरती-ओहोटीसारखे दर वर्षी आत-बाहेर होणारे. बहुतेक सावध माणसे ही ये-जा करण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ती आठ लाखांच्या वर थोडी रक्कम ठेवून त्या खात्याकडे पाहणेच सोडून देतात.

'वर थोडी रक्कम' या शब्दांमागे अनुभव आहे. खात्याला डेबिट कार्ड जोडलेले असेल तर बँक वर्षातून एकदा कार्डाचे दोन-तीनशे बाट आपोआप वळते करून घेते, आणि शिल्लक नेमकी आठ लाख असेल तर त्या एका नोंदीने ती सात लाख नव्याण्णव हजार सातशेवर येते. रक्कम क्षुल्लक, परंतु ती घट दोन किंवा तीन महिन्यांच्या संरक्षित काळात पडली तर पैशाचे वय शून्यापासून मोजावे लागण्याची आपत्ती ओढवू शकते. म्हणून या कामासाठी निराळे खाते उघडावे, त्याला कार्ड जोडू नये, वीज-पाण्याची बिले त्यातून देऊ नयेत, आणि रोजच्या खर्चाचे खाते वेगळे ठेवावे, असे जाणकार सांगतात. बचत खाते चालते, मुदत ठेवही चालते. मुदत ठेवीवर व्याज अधिक मिळते, पण त्यातून पंधरा टक्के कर आधीच कापला जातो. खाते अर्जदाराच्या एकट्याच्या नावावर असणे मात्र महत्त्वाचे. पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात सोळा लाख असले तरी ते दोघांचे आठ-आठ लाख धरले जातील याची हमी नसते. बँक बुडाल्यास काय, हा प्रश्न पूर्वी विचारला जाई. ११ ऑगस्ट २०२१ पासून थायलंडमध्ये एका बँकेतील एका ठेवीदाराच्या दहा लाख बाटांपर्यंतच्या ठेवींना संरक्षण आहे, त्यामुळे आठ लाखांची ठेव त्या छत्राखाली येते.

अर्जाच्या दिवशीची सकाळ बँकेतच सुरू होते, आणि ती जवळून पाहण्यासारखी असते. अर्जदार पासबुक घेऊन काउंटरवर येतो आणि शंभर बाटांची एक नोट पुढे सरकवतो. हा शंभराचा भरणा व्यवहारासाठी नसून तारखेसाठी असतो: पासबुकात आजच्या दिवसाची ओळ उमटावी, म्हणजे शिल्लक आज सकाळपर्यंत शाबूत आहे हे दिसावे. काउंटरवरील कर्मचारी पासबुक उघडून छपाईयंत्रात घालतो, यंत्र क्षणभर थांबून खरखरत एक ओळ उमटवते, आणि ती ओळ सुकण्याआधीच अर्जदार चष्मा सावरून तारीख वाचतो. त्यानंतर बँकेचे पत्र. बँकेच्या नाममुद्रित कागदावर खातेदाराचे नाव, खाते क्रमांक आणि शिल्लक असा मजकूर असतो, खाली शाखाधिकाऱ्याची सही आणि शिक्का. त्यासाठी शंभर-दोनशे बाट शुल्क पडते. पत्रातील शिल्लक आणि पासबुकातील शेवटच्या ओळीतील शिल्लक शेवटच्या अंकापर्यंत जुळली पाहिजे, म्हणून शंभर बाट आधी भरायचे आणि पत्र नंतर मागायचे. क्रम उलटला तर दोन कागद दोन आकडे सांगतात. नावही पासपोर्टातल्याप्रमाणेच असावे लागते. मराठी माणसाच्या नावात वडिलांचे नाव मधे येते आणि ते कधी लिहिले जाते, कधी गाळले जाते, कधी केवळ आद्याक्षराने उरते. खाते उघडतानाच ते पासपोर्टाशी अक्षरशः जुळवून घेतले नाही तर हा घोळ दर वर्षी नव्याने समोर येऊन उभा राहतो.

पासबुकाची आणखी एक खोड आहे. अनेक महिने त्यात नोंदी छापून घेतल्या नाहीत, तर काही बँकांचे यंत्र साचलेल्या सगळ्या व्यवहारांची एकच गोळाबेरीज छापते: इतके जमा, इतके खर्ची, आता इतके शिल्लक. बँकेच्या दृष्टीने हिशेब बरोबर असतो, पण इमिग्रेशनच्या दृष्टीने त्या एका ओळीत कित्येक महिने गडप होतात, कारण मधल्या काळात शिल्लक कोठवर उतरली होती हे त्यातून कळत नाही. मग बारा महिन्यांचा खातेउतारा मागवावा लागतो, आणि तो काही शाखांतून त्याच दिवशी मिळत नाही, मुख्य कार्यालयातून येतो. म्हणूनच महिन्यातून एकदा बँकेच्या दाराशी असलेल्या यंत्रात पासबुक सरकवून नोंदी छापून घेणारी वृद्ध परदेशी माणसे पटाया, हुआ हिन किंवा चिआंग मायमध्ये दिसतात. त्यांचा त्या दिवशी काहीही व्यवहार झालेला नसतो. ती पासबुकाच्या पानांवर दिवसांची साखळी अखंड ठेवत असतात.

बँकेतून इमिग्रेशन कार्यालयात. बँकॉकमध्ये ते चेंग वत्थना मार्गावरील भव्य शासकीय संकुलात आहे, पटायाच्या परिसरासाठी जोमतियन येथे आहे. मुदतवाढीचा अर्ज टीएम ७ या क्रमांकाच्या फॉर्मवर करायचा, त्यावर चार बाय सहा सेंटिमीटरचे छायाचित्र चिकटवायचे, आणि सोबत बँकेचे मूळ पत्र, तसेच पासपोर्टाच्या संबंधित पानांच्या, पासबुकाच्या पानांच्या आणि राहण्याच्या जागेच्या कागदपत्रांच्या छायाप्रती जोडायच्या. घरमालकाने परदेशी भाडेकरूविषयी कळवल्याची टीएम ३० ही पावतीही मागितली जाते. प्रत्येक छायाप्रतीवर अर्जदाराची सही असावी लागते, आणि ती निळ्या शाईने करण्याचा प्रघात आहे, कारण काळी सही छायाप्रतीचाच भाग वाटू शकते. शुल्क एक हजार नऊशे बाट. प्रत्येक कार्यालयाचे बारीकसारीक रिवाज निराळे असतात, एकीकडे घराचा हाताने काढलेला नकाशा मागतात आणि दुसरीकडे त्याची कोणी विचारपूसही करीत नाही, त्यामुळे गेल्या वर्षी काय लागले होते यापेक्षा या कार्यालयात काय लागते हे अधिक उपयोगी पडते.

टोकन क्रमांक पुकारला गेल्यावर अधिकारी प्रथम अर्ज वाचत नाही. तो पासबुक उघडतो, आजची ओळ पाहतो, आणि मग पेन्सिलीचे टोक तारखांच्या रकान्यावर ठेवून वर सरकत जातो: आजपासून मागे एक महिना, मागे दोन महिने. जेथे दोन महिन्यांची मर्यादा पडते त्या ओळीपाशी तो क्षणभर थांबतो आणि शेजारच्या शिलकेच्या रकान्यात नजर आडवी नेतो. आकडा आठ लाखांच्या वर असेल तर पेन्सिल आणखी वर जाते, मागील वर्षीच्या मंजुरीच्या तारखेपर्यंत, कारण आता त्यानंतरचे तीन महिने आणि मधल्या काळातील चार लाखांची पायरीही तपासायची असते. सगळे ठीक असेल तर ही तपासणी मिनिट-दोन मिनिटांत आटोपते. समोर बसलेल्या सत्तरीच्या माणसाने त्या दोन मिनिटांसाठी वर्षभर एका रकमेची राखण केलेली असते, आणि त्या पेन्सिलीच्या प्रवासात त्याचे घर, शेजार, औषधे देणारा ओळखीचा दुकानदार, सकाळची फेरी, हे सर्व पणाला लागलेले असते. या क्षणाचे गांभीर्य अधिकाऱ्याच्या ध्यानी येत नाही असे नव्हे. बहुतेक अधिकारी शांतपणे आणि सौजन्याने काम करतात. परंतु माणसाच्या वास्तव्याचा संपूर्ण आधार एका रकान्यावर ठेवणे ही व्यवस्था कठोर आहे, आणि ती तशी आहे हे म्हटलेच पाहिजे.

मासिक उत्पन्नाच्या मार्गात कसोटी निराळी. तेथे पैसा परदेशातून आला हे दिसावे लागते, आणि ते पासबुकातील नोंदीपुढच्या संकेताक्षरांवरून ठरते. आंतरराष्ट्रीय प्रेषणाची नोंद आणि देशांतर्गत जमेची नोंद यांची अक्षरे वेगळी असतात. स्वस्त दराने पैसे पाठवणाऱ्या काही ऑनलाइन कंपन्या थायलंडमधील आपल्या स्थानिक खात्यातून रक्कम वळती करतात, त्यामुळे लंडनहून निघालेला पैसा पासबुकात बँकॉकहून आल्यासारखा दिसतो. मग बँकेकडून त्या रकमेचा परदेशी उगम सांगणारा निराळा दाखला मिळवावा लागतो. विनिमय दरातील चढउतारामुळे एखाद्या महिन्यात चौसष्ट हजार आठशे जमा झाले तर बारापैकी एक दुवा कच्चा राहतो. शिवाय १ जानेवारी २०२४ पासून, वर्षात १८० दिवस किंवा अधिक काळ थायलंडमध्ये राहणाऱ्याने त्या तारखेनंतर मिळवलेले परदेशी उत्पन्न देशात आणल्यास ते करपात्र ठरते, मग ते कोणत्याही वर्षी आणलेले असो. दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार सूट मिळू शकते, पण विचार करावाच लागतो.

भारतातून जाणाऱ्या माणसापुढे पैसा बाहेर नेण्याचाच प्रश्न आधी उभा राहतो. भारतात निवासी असलेली व्यक्ती रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस या योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवू शकते, तेव्हा मर्यादेची अडचण नाही. अडचण टीसीएसची, म्हणजे पैसे पाठवतानाच बँकेने गोळा करावयाच्या कराची. १ एप्रिल २०२५ पासून शिक्षण आणि उपचार वगळता अन्य कारणांसाठी वर्षाला दहा लाख रुपयांपर्यंत हा कर लागत नाही. त्यावरील रकमेवर तो वीस टक्के दराने लागतो. एका बाटाला अडीच रुपये धरले तर आठ लाख बाट म्हणजे वीस लाख रुपये, आणि ते एकाच वर्षी पाठवले तर दोन लाख रुपये बँकेत अडकतात. ते प्राप्तिकरात वळते करता येतात किंवा परत मिळतात, पण विवरणपत्र भरल्यानंतर. ज्याचे नियोजन आधीपासून आहे तो निम्मी रक्कम मार्चमध्ये आणि निम्मी एप्रिलमध्ये पाठवतो, आणि दोन महिन्यांचे मोजमाप एप्रिलच्या जमेपासून धरतो. कायमचे बाहेर गेल्यावर भारतातील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या, प्रकारात बदलून घ्यावे लागते आणि मग एलआरएस लागू राहत नाही. कर भरलेले निवृत्तिवेतन आणि व्याज त्या खात्यातून पाठवता येते. दरमहा पासष्ट हजार बाटांचे, म्हणजे एक लाख बासष्ट हजार पाचशे रुपयांचे नियमित निवृत्तिवेतन असणारी घरे महाराष्ट्रात मोजकी. म्हणून येथून जाणाऱ्याच्या बाबतीत घर किंवा जमीन विकून आलेल्या रकमेतून ठेव ठेवण्याचाच मार्ग बहुधा व्यवहार्य ठरतो.

खाते उघडण्यातही एक चक्र आहे. पर्यटक म्हणून आलेल्याला थाई बँका सहसा खाते देत नाहीत, दीर्घ वास्तव्याचा व्हिसा मागतात. आणि तो व्हिसा थायलंडमध्येच मिळवायचा तर खाते व त्यात परदेशातून आलेली रक्कम हवी. नव्वद दिवसांचा नॉन-इमिग्रंट ओ हाती असेल तर हे चक्र सुटते, कारण त्या नव्वद दिवसांत खाते उघडून, पैसे आणून, त्यांना दोन महिन्यांचे वय येऊ देऊन अखेरच्या महिन्यात अर्ज करता येतो. वेळापत्रक मात्र घट्ट आहे. पहिल्या पंधरवड्यात खाते उघडले नाही तर शेवटी श्वास घ्यायला जागा उरत नाही.

या घट्टपणातूनच दलालांचा धंदा फोफावतो. ज्याच्याकडे आठ लाख नाहीत त्याला ते तात्पुरते 'दाखवून' देण्याचे आश्वासन देणारे, त्यासाठी भरभक्कम मोबदला घेणारे आणि पासबुक स्वतःच्या ताब्यात ठेवणारे मध्यस्थ पर्यटन नगरांत सापडतात. कागदपत्रांची मदत करणारा प्रामाणिक सल्लागार आणि खोटी शिल्लक उभी करणारा हा माणूस यांत फरक केला पाहिजे. या दुसऱ्या माणसाच्या मार्गाने गेलेल्याचा शिक्का खरा असला, तरी त्यामागचा पुरावा खोटा असतो, आणि चौकशी झाली की दलाल दूर राहतो, मुदतवाढ रद्द होते ती अर्जदाराची. गरजू वृद्धाला असा मार्ग दाखवणे हा उघड अन्याय आहे.

सर्वांत खोल विसंगती मात्र आजारपणात प्रकट होते. निवृत्त परदेशी माणसाने इस्पितळाचे बिल थकवून राज्यावर भार टाकू नये, हा आर्थिक अटीमागचा एक स्वाभाविक हेतू. पण ज्या दिवशी बायपासची किंवा मोडलेल्या खुब्याची शस्त्रक्रिया समोर येते, त्या दिवशी नेमके तेच पैसे वापरता येत नाहीत. मंजुरीनंतरच्या तीन महिन्यांत एक बाटही काढला तरी पुढील मुदतवाढ धोक्यात, आणि नंतरही चार लाखांच्या खाली उतरणे नाही. इस्पितळासाठी राखलेला पैसा इस्पितळासाठीच कुलूपबंद. 'ओ-ए' वर्गात यावर विम्याचा उपाय योजला गेला: ३१ ऑक्टोबर २०१९ पासून आंतररुग्ण उपचारांसाठी चार लाख आणि बाह्यरुग्ण उपचारांसाठी चाळीस हजार बाटांचे संरक्षण सक्तीचे झाले, आणि पुढे ती मर्यादा तीस लाख बाटांवर नेण्यात आली. तरुण पन्नाशीतल्या माणसाला हे परवडते. पंचाहत्तरीत, मधुमेह आणि हृदयविकार नोंदवलेले असताना, विमा मिळणेच दुरापास्त होते. या दोन उपायांच्या मधे कोठेतरी, वैद्यकीय खर्चाचा पुरावा दिल्यास ठेवीतून रक्कम काढण्याची आणि ती ठरावीक मुदतीत भरून काढण्याची मुभा असायला हवी होती.

जोडप्यांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. दोघांपैकी एकाने आर्थिक अट पूर्ण केली तर दुसऱ्याला, विवाहाचे प्रमाणपत्र जोडून, त्याच्यावर अवलंबून असलेली व्यक्ती म्हणून मुदतवाढ मिळते आणि तिच्यासाठी वेगळे आठ लाख लागत नाहीत. बहुतेक घरांत ठेव पतीच्या नावावर असते, कारण निवृत्तिवेतन त्याचे. पती गेला की एकाच दिवशी दोन गोष्टी घडतात: पत्नीच्या वास्तव्याचा आधार नाहीसा होतो, आणि आठ लाख बाट ज्या खात्यात आहेत ते खाते गोठते, कारण ते एकट्याच्या नावावर आहे आणि न्यायालयाने इस्टेटीचा व्यवस्थापक नेमल्याशिवाय बँक ते उघडत नाही. तिला स्वतःच्या नावावर नवे आठ लाख लागतात, आणि त्यांनाही दोन महिन्यांचे वय यावे लागते. म्हणून बरीच वर्षे तेथे काढलेली जोडपी थाई भाषेतील मृत्युपत्र करून ठेवतात, पत्नीच्या एकटीच्या नावाने दुसरे खाते उघडतात, त्यात जमेल तशी भर घालतात, आणि महिन्याच्या सुरुवातीला पतीचे पासबुक छापून झाले की त्याच यंत्रात तिचेही सरकवतात.